तबकडीच्या मधला गोल कागद
(लेखमाला : भाग ५)

परंदवडीतल्या एका घरी माळ्यावरून तबकड्यांची पेटी उतरवली तेव्हा मी तिथंच होतो. फोनो केव्हाच मोडीत गेलेला, तबकड्या मात्र जुन्या लुगड्यात गुंडाळून शाबूत. वर कर्ण्यापुढं कान टवकारून बसलेला कुत्रा, खाली कोलंबिया, तळाशी ट्विन. घरच्या आजी म्हणाल्या, "कुत्रा छाप पाहुण्यांपुढं लावायची. ट्विन काय, पोरांनी लावली तरी चालायची."

आजींनी धंद्याचं मर्म एका वाक्यात सांगून टाकलं.

आज 'लेबल' म्हटलं की आपल्याला कंपनी वाटते. मुळात तो तबकडीच्या मध्यावर चिकटवलेला गोल कागद. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गेसबर्ग 1902 साली कलकत्त्यात उतरला आणि त्यानं गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला. गंमत अशी की तबकडीसाठी लागणारी लाख जायची आपल्याच देशातून! 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, 1928 मध्ये डमडमला त्याहून मोठा.

कुत्रा छाप म्हणजे याच कंपनीची एचएमव्ही, आणि कोलंबिया ही तिची खरी प्रतिस्पर्धी. पण 1931 मध्ये लंडनला दोघींचं विलीनीकरण होऊन ईएमआय झाली, आणि कालपर्यंत भांडणारी नावं एका वाड्यात नांदू लागली. चुली वेगळ्या, कोठार एक. नावं मात्र मोडली नाहीत, कारण प्रत्येक नावाला स्वतःचं गिऱ्हाईक होतं. कुत्रा छापचा भाव पाडला असता तर तिची ऐटच गेली असती. म्हणून स्वस्त मालाला ट्विन हे नाव. या वाड्याबाहेरची स्वदेशी चूलही होती : मुंबईची 'यंग इंडिया'.

मराठीत या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस म्हणजे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' त्यांनी तबकडीवर गायली आणि भावगीताला घराघरात वाट मिळाली. पुढं ते एचएमव्हीतच अधिकारी झाले. बड्याबड्या गवयांना मायक्रोफोनपुढं बसवणं हे त्यांचं काम. अख्खा राग साडेतीन मिनिटांत बसवायला गवयाला कसं राजी करायचं, हे गाता गळाच जाणे.

1985 मध्ये एचएमव्हीची भारतातली कंपनी गोएंकांच्या आरपीजी समूहाकडं गेली, 2000 मध्ये 'सारेगामा' झाली. दुसरीकडं पॉलिडॉरची भारतातली शाखा आधी म्युझिक इंडिया, मग पॉलिग्रॅम आणि आता युनिव्हर्सल म्युझिक इंडिया. तिनंही जुनाच डाव नव्यानं मांडलाय. 2019 मध्ये अमेरिकी रॅपर नासच्या 'मास अपील'ला जोडीला घेऊन भारतात त्याच नावाचं लेबल काढलं. पहिला कलावंत अंधेरीचा डिव्हाइन. 2022 मध्ये आणखी एक लेबल, 'डेफ जॅम इंडिया'. चित्रपटसंगीताच्या पाटीखाली रॅप विकायला गेलं तर पोरं नाक मुरडतील, म्हणून पाटी वेगळी.

आजींचा नातू डिव्हाइन ऐकतो. लेबल कुठलं विचारलं तर मोबाइलमध्ये शोधत बसला. आजींनी मात्र चष्मा न लावता, नुसतं बोट फिरवून ट्विन बाजूला काढली.

(पुढच्या आठवड्यात : तबकडी विकली की गवयाच्या हाती काय पडायचं?)