भाडे, दुरुस्ती आणि राखीव निधी

भाड्याने दिलेल्या इमारतीच्या हिशेबात दुरुस्तीचा रकाना सामान्यतः त्या वर्षी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाने भरला जातो. ही पद्धत सोयीची असली तरी सदोष आहे. मुंबईतील जुन्या चाळींची दुरवस्था समजून घ्यावयाची तर प्रथम हा दोष पाहावा लागतो.

इमारतीच्या सर्व भागांची झीज सारख्या गतीने होत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे ही कामे दरवर्षीची. गिलावा व रंग यांची पाळी काही वर्षांनी येते. परंतु लाकडी तुळया, जिने व छपराचा सांगाडा यांचे आयुष्य काही दशकांचे असते. मोरीमागच्या ओलीत तुळईचे टोक वर्षानुवर्षे कुजत राहते. त्या कुजण्याची पावती कोणी देत नाही, आणि मालकाच्या वहीत शिल्लक रक्कम नफा म्हणून दाखविली जाते.

या खर्चाचे प्रमाण निरनिराळ्या कायद्यांनी निरनिराळे मानले. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने करयोग्य मूल्य काढताना दुरुस्ती इत्यादींसाठी वार्षिक मूल्यातून १० टक्के वजा केले. १९२२ च्या आयकर कायद्याने एक-षष्ठांश. २००१ च्या दुरुस्तीनंतर आयकरात ३० टक्के वजावट मिळू लागली. मात्र ही वजावट खर्च झाला की नाही हे न पाहता मिळते. ती सूट आहे, तरतूद नव्हे.

उदाहरणादाखल, दरमहा १० रुपये भाड्याच्या २० खोल्यांची चाळ घ्यावी. वार्षिक उत्पन्न २,४०० रुपये. त्याचा एक-षष्ठांश ४०० रुपये. छपराच्या कामास आज १२,००० रुपये लागतात आणि ते ३० वर्षांनी करावयाचे आहे असे धरल्यास, किमती स्थिर असताना दरसाल ४०० रुपये बरोबर पुरतात. अर्थात अन्य दुरुस्तीस काहीच उरत नाही. किमती दरसाल ५ टक्क्यांनी वाढल्या तर तेच काम सुमारे ५१,९०० रुपयांवर जाते, आणि ४०० रुपयांची ठेव ५ टक्के व्याजाने वाढूनही सुमारे २६,६०० रुपयेच होते. तूट टाळण्यासाठी तरतूदही किमतींबरोबर वाढवीत न्यावी लागते. तिसाव्या वर्षी ती सुमारे १,६५० रुपये, म्हणजे मूळ भाड्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक होते. भाडे वाढत असेल तरच हे शक्य आहे.

नेमके तेच १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने रोखले. जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला हे संरक्षण आवश्यक होते, यात शंका नाही. पण अल्पकाळासाठी केलेली योजना अर्धशतक टिकली. पागडीच्या रूपाने मालकाच्या हाती एकरकमी पैसा येत असे, परंतु तो दुरुस्तीनिधीत जमा करण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

परिणामी तरतुदीचे काम शासनाकडे आले. १९६९ च्या अधिनियमान्वये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण झाले आणि शहरातील १९,६४२ इमारतींवर उपकर बसविण्यात आला. एका चाळीने न साठविलेला निधी सर्व चाळींनी मिळून साठवावा, अशी ही कल्पना होती. पण उपकराचा पायाही त्याच गोठलेल्या भाड्यावर आधारलेल्या करयोग्य मूल्याचा असल्याने मूळ उणीव तशीच राहिली. दर चौरस मीटरच्या खर्चावर मर्यादा घालावी लागली, आणि कित्येक इमारती टेकूंवर उभ्या राहिल्या.

गोठलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी भाडे दुप्पट होण्यास सुमारे १८ वर्षे लागतात. १० रुपयांचे २० रुपये होतात. याच अधिनियमानुसार, नोटीस देऊनही मालकाने १५ दिवसांत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. वरील उदाहरणात ही मर्यादा खोलीमागे वर्षाला ६० रुपये होते. विसाही बिऱ्हाडे एकत्र आली तरी १,२०० रुपये.