बॉल कॉक पाणी वाचवतो, पण गळती लपवतोही



आजचा मेसेज फवारणीचा नाही आणि खताचाही नाही. आज गोठ्यातल्या हौदाकडे जाऊ. हौदाच्या कोपऱ्यात दांडीला बॉल लावलेला जो कॉक असतो, त्याबद्दल बोलायचंय. मेसेज जरा मोठा आहे, पण ज्यांच्या विहिरीला तासाभराचंच पाणी उरलंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

*आधी आमच्या घरची गोष्ट*

मागच्या वर्षी मे महिन्यात आमची विहीर दिवसाआड दीड तास चालत होती. ५००० लिटरची टाकी चौथऱ्यावर, तिथून पाइप गोठ्यातल्या हौदाला आणि हौदाला बॉल कॉक. एकदा बसवला तो बसवला, नंतर त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. एका रात्री उन्हाने तडकलेल्या बॉलमध्ये पाणी शिरलं आणि बॉल बुडाला. बॉल खाली गेला की कॉक उघडतो, त्याच्या लेखी हौद रिकामा! रात्रभर टाकीचं पाणी हौदात आणि हौदाचं बाहेर. उतार नेमका कांदा चाळीकडे.

पहाटे वडील धारेला उठले तर टाकी कोरडी, गाई हंबरताहेत आणि चाळीखाली चिखल. लाइट दुपारी येणार होती. शेजारच्या काकांकडून बादल्यांनी पाणी आणून गाईंना पाजलं. चाळीला खालून हवा खेळावी म्हणून आपण ती उंच बांधतो, पण तिथेच ओल साचली. तळाचा कांदा दमट होऊन सडायला लागला, सगळा उपसून निवडावा लागला. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू लोकांना पाणी वाचवायला शिकवतेस ना?"

तेव्हापासून दर महिन्याला मी स्वतः कॉक तपासते. तेच आज तुम्हाला सांगते.

*हा चालतो कसा?*

बॉल आतून पोकळ असतो, म्हणून तरंगतो. पाणी वर आलं की बॉल वर येतो, दांडी वर जाते आणि दांडीचं दुसरं टोक कॉकमधला रबरी वायसर भोकावर दाबून धरतं. पाणी बंद. गाईने पाणी प्यायलं की बॉल खाली येतो आणि पाणी परत सुरू. वीज नको, माणूस नको. म्हणूनच आपण त्याला विसरून जातो.

घोटाळा असा की हौदाला चीर पडली तरी कॉक मुकाट्याने पाणी भरत राहतो. हौद कायम भरलेला दिसतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. विहीर मात्र रोज थोडी थोडी हौदाच्या बुडातून जमिनीत जात असते.

*दोन तपासण्या, आजच करा*

१) बाटलीची तपासणी: हौद काठोकाठ भरू द्या. बॉल वर आल्यावरही कॉकमधून थेंब पडत असतील तर खाली १ लिटरची बाटली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. बाटली १० मिनिटांत भरली तर तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर, महिन्याला ४३२० लिटर. दिवसाचे १४४ लिटर म्हणजे उन्हाळ्यात साधारण दोन दुभत्या गाईंचं पिण्याचं पाणी.

२) खडूची तपासणी: रात्री जनावरं पाण्यापासून लांब बांधा. हौदाकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा. सकाळी धारेच्या आधी बघा. किंचित फरक चालेल. बोटभर पाणी उतरलं असेल तर कॉकला दोष देऊ नका, हौदच गळतोय. ६ फूट लांब, २ फूट रुंद हौदात १ इंच पाणी उतरलं म्हणजे २८ लिटर गेलं, तेही एका रात्रीत.

*कॉक गळत असेल तर आधी हे बघा*

• बॉल काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर बॉल बदला. चिकटवून टिकत नाही.
• वायसर काढून बघा. कडक झाला असेल किंवा त्यावर गोल खाच पडली असेल तर नवा टाका. काही रुपयांचं काम आहे.
• भोकाच्या कडेला वाळूचा कण किंवा पांढरा क्षार असेल तर वायसर बाजूला काढून धातूचा भाग अर्धा तास व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. टोकदार खिळ्याने खरवडू नका, कड खराब झाली की नवा वायसरही बसत नाही.
• पाणी हौदाच्या काठावरून जात असेल पण बॉल हाताने उचलल्यावर धार थांबत असेल, तर पातळी जास्त लावलीय. पितळी दांडी हलकेच खाली वाकवा, प्लास्टिकच्या कॉकला स्क्रू असतो तो फिरवा. काठाच्या चार बोटं खाली पाणी थांबायला हवं.
• सगळं नीट असूनही गळतोय? मागचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करा आणि हौदाच्या लाइनवरचा एखादा नळ थोडा उघडा ठेवा. लाइनचा जोर कमी झाल्यावर गळणं थांबलं तर दाब जास्त आहे.

*घेताना दाब विचारात घ्या*

दुकानात हाय प्रेशर आणि लो प्रेशर असे दोन प्रकार मिळतात. हिशोब सोपा आहे: ३३ फूट उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो. चौथऱ्यावरच्या १०-१२ फूट उंच टाकीला लो प्रेशर चालतो, हौदही लवकर भरतो. पण ज्यांचं शेततळं वर माळावर आणि गोठा ६०-७० फूट खाली आहे, तिथे दाब २ किलोच्या आसपास जातो. तिथे हाय प्रेशरचाच घ्या. त्याचं भोक बारीक असतं, म्हणून तेवढाच बॉल जास्त दाब अडवू शकतो. पितळी घेणार असाल तर त्यावर आय.एस. १७०३ आणि आयएसआय मार्क बघा.

*बसवताना*

गाई बॉलशी खेळतात, चाटतात, ढकलतात. हौदाच्या एका कोपऱ्यात विटांची छोटी पेटी करा, तळाशी भोक ठेवा, कॉक पेटीत बसवा आणि वर फरशी टाका. फरशी उचलता येईल अशी ठेवा, सिमेंटने पक्की करू नका, नाहीतर तपासणार कसं? दोन-तीन हौद एकाच पातळीवर असतील तर ते तळाशी पाइपने जोडा. सगळ्यांना मिळून एकच कॉक पुरतो.

खताच्या टाकीला प्लास्टिकचा कॉक लावा. अमोनियायुक्त खतांनी पितळ खराब होतं. आणि एक कळकळीची विनंती. आवाज नको म्हणून काही जण कॉकच्या तोंडाला पाइप लावून तो टाकीच्या तळापर्यंत सोडतात. तसं करू नका. लाइन वरून रिकामी झाली की त्याच पाइपातून खताचं पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या लाइनमध्ये येऊ शकतं. कॉकचं तोंड पाण्याच्या वरच, मोकळ्या हवेत हवं.

*मोटरच्या लाइनवर फक्त बॉल कॉक नको*

आपल्याकडे बरेच जण ऑटो स्टार्टर लावून झोपतात. रात्री लाइट येते, मोटर चालू होते, टाकी भरते. टाकीला बॉल कॉक असेल तर तो बंद होतो, पण मोटर चालूच! पाण्याला जायला वाट नाही, म्हणून दाब चढतो, सांधे सुटतात आणि पंप तापतो. कॉक नसेल तर टाकी रात्रभर वाहते आणि विहिरीचं पाणी संपल्यावर मोटर कोरडी चालते.

इथे फ्लोट स्विच हवा. टाकी भरली की तो मोटरच बंद करतो. थ्री फेज मोटरची वायर मात्र थेट त्यातून नेऊ नका, तेवढा करंट त्याला झेपत नाही. स्टार्टरच्या कॉइलच्या वायरिंगमध्ये तो जोडायचा, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्या. विहिरीच्या बाजूने ड्राय रन प्रिव्हेंटर असेल तर उत्तम. आणि टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप भरणाऱ्या पाइपापेक्षा मोठा ठेवा. त्याचं तोंड रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, दिसेल असं काढा. पाणी वाया जाणार असेल तर निदान दिसू तरी दे.

कॉक तसा शे-दोनशे रुपयांचा. पण तो बोलत नाही, म्हणून महिन्यातून एकदा आपणच त्याची चौकशी करायची. आमच्याकडे अमावस्येचा दिवस ठरवलाय. तुम्ही तुमचा ठरवा.

तुमच्याकडे बाटली किती मिनिटांत भरली ते मला मेसेज करा. थेंबही पडला नाही, तरी कळवा. वडिलांना दाखवायला चांगली बातमी पण हवी ना!

आपली,
कृषी मार्गदर्शक