लुई (नाव)

लुई हे फ्रान्समधील एक प्राचीन आणि आजही प्रचलित असलेले पुरुषनाम आहे. त्याचे मूळ जर्मानिक असून 'युद्धात कीर्ती मिळवलेला' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. फ्रान्सच्या राजांच्या क्रमवारीत हे नाव अठराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. दुसऱ्या कोणत्याही नावाचा क्रमांक तेथे इतका वर गेला नाही. या नावाचे स्त्रीलिंगी रूप 'लुईझ' असे आहे.

व्युत्पत्ती

'ह्लुद' म्हणजे विख्यात आणि 'विग' म्हणजे युद्ध, या दोन जर्मानिक घटकांपासून 'ह्लुदविग' हे नाव बनले. फ्रँक लोकांनी ते गॉल प्रदेशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये आणले. लॅटिन लेखनात त्याचे 'लुदोविकुस' झाले आणि बोलीभाषेत मधली व्यंजने झिजत जाऊन 'लुई' हे आटोपशीर रूप उरले.

इ. स. ४८१ ते ५११ या काळात राज्य करणारा फ्रँक राजा क्लोविस याचे नाव मुळात हेच होय. जर्मानिक नावाच्या आरंभीचा कंठ्य ध्वनी 'क्लोविस' या रूपात टिकला, तर 'लुई' या रूपात तो लोपला. एकाच शब्दापासून अशी दोन स्वतंत्र नावे निर्माण झाली.

राजघराण्यातील नाव

इ. स. ७५१ मध्ये कॅरोलिंजियन घराण्याने क्लोविसच्या मेरोव्हिंजियन घराण्याची सत्ता संपवली. पुढे शार्लमेनने ७७८ मध्ये जन्मलेल्या आपल्या जुळ्या मुलांना लुई आणि लोथार ही जुन्या घराण्यातील नावे दिली. नव्या घराण्याला जुन्याची प्रतिष्ठा लाभावी, हा त्यामागील हेतू असल्याचे इतिहासकार मानतात. यातील लुई हा पुढे सम्राट झाला व फ्रान्सच्या राजांच्या क्रमवारीत पहिला लुई ठरला.

नववा लुई (१२१४–१२७०) याला चर्चने १२९७ मध्ये संतपद दिले. त्यामुळे हे नाव राजवाड्यापुरते न राहता सामान्य ख्रिस्ती कुटुंबांतही रुजले. २५ ऑगस्ट हा त्याचा स्मृतिदिन लुई नावाच्या व्यक्तींचा नामदिन मानला जातो. अमेरिकेतील सेंट लुइस हे शहर याच राजाच्या नावाने ओळखले जाते. लुईझियाना हे नाव मात्र चौदाव्या लुईवरून १६८२ मध्ये देण्यात आले. चौदावा लुई १६४३ ते १७१५ अशी ७२ वर्षे गादीवर होता.

राज्यक्रांती आणि नावांचा कायदा

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात राजाचे व संताचे नाव धारण करणे अडचणीचे ठरू लागले. पदच्युत सोळाव्या लुईला 'लुई कापे' या साध्या नागरिकाच्या नावाने संबोधण्यात आले. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. राजाचा नातेवाईक, ऑर्लेआंचा ड्यूक लुई फिलिप याने 'फिलिप एगालिते' (एगालिते म्हणजे समता) हे नाव स्वीकारून राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. राजाविरुद्ध कठोर भाषण करणाऱ्या सें-झ्युस्तचे स्वतःचे नावही लुई आंत्वान होते. पुढे १८३० मध्ये एगालितेचाच पुत्र लुई-फिलिप या नावाने राजा झाला.

क्रांतिकाळात अनेक नवनवीन नावे प्रचारात आली होती. १८०३ च्या कायद्याने त्यांना आळा घातला. निरनिराळ्या पंचांगांतील नावे व प्राचीन इतिहासातील ज्ञात व्यक्तींची नावेच ग्राह्य ठरली. लुईसारख्या संतनामांना त्यामुळे आपोआप आधार मिळाला. हे बंधन ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने दूर झाले. आता पालक नाव मुक्तपणे निवडतात. ते बालकाच्या हिताविरुद्ध वाटल्यास नोंदणी अधिकारी सरकारी वकिलांना कळवू शकतो.

लोकप्रियता

विसाव्या शतकाच्या आरंभी लुई हे फ्रान्समधील मुलांच्या पहिल्या दहा नावांपैकी एक होते. पुढे ते आजोबांच्या पिढीचे नाव वाटू लागले व मागे पडले. शतकाच्या मध्यास 'जाँ-लुई' हे जोडनाव मात्र बरेच प्रचारात होते. शतकाच्या अखेरीस लुई पुन्हा रूढ होऊ लागले आणि २०१० नंतरच्या दशकात पहिल्या दहांत परतले. हे पुनरागमन नावांवरील कायदेशीर बंधन उठल्यानंतरचे आहे, हे विशेष. संतनाम ठेवण्याची सक्ती उरली नसतानाही पालकांनी ते स्वेच्छेने निवडले. पणजोबांच्या पिढीतील नावे नव्या पालकांना जुनाट न वाटता ताजी वाटतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

उच्चार व इतर भाषांतील रूपे

फ्रेंच लेखनात या नावाच्या अखेरीस 'स' हे अक्षर असते, परंतु त्याचा उच्चार होत नाही. म्हणून मराठीत 'लुई' असे लिहिले जाते. जर्मनमध्ये लुडविग, इटालियनमध्ये लुईजी, हंगेरियनमध्ये लायोश आणि इंग्रजीत लुईस ही त्याची रूपे होत. पोर्तुगीज 'लुईस' हे रूप गोव्यातही रूढ आहे. पोर्तुगीज राजवटीचे टीकाकार पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे त्याचे परिचित उदाहरण होय.

प्रसिद्ध व्यक्ती

- लुई ब्रेल (१८०९–१८५२) – अंधांसाठीच्या स्पर्शलिपीचे जनक. त्यांच्या द्विशताब्दीनिमित्त भारत सरकारने २००९ मध्ये दोन रुपयांचे नाणे काढले.
- लुई पाश्चर (१८२२–१८९५) – सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १८८५ मध्ये मानवावर रेबीजच्या लसीचा प्रयोग केला.
- लुई ल्युमिएर (१८६४–१९४८) – बंधू ऑग्युस्त यांच्यासह चित्रपटाचे आद्य प्रवर्तक. त्यांचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवण्यात आले.