बजेटाच्या दिवसांत उद्यमबाग

सकाळी ६.३०
निपाणीहून बेळगावची बस, उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीकडे. फेब्रुवारी संपत आला की माझ्या पिशवीत डब्याबरोबर बजेटाचे कागद असतात. पुढच्या एप्रिलपासून बारा महिने पिग आयर्न आणि स्क्रॅप काय भावानं मिळेल, हे आज आम्ही बसून ठरवणार. भाव आम्हाला विचारून हलत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

८.४५
ऑफिसात जाण्याआधी भट्टीकडे जातो. जानेवारीचं रिजेक्शन, म्हणजे नापास कास्टिंगचं प्रमाण, बरंच उतरलंय म्हणून वर सगळे खूश आहेत. हेस्कॉमचं वीजबिल मात्र दुसरंच सांगतंय.

टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. ओतलेल्यापैकी ६० टक्केच चांगलं कास्टिंग म्हणून बाहेर गेलं, तर चांगल्या मालाच्या टनामागे तीच वीज १००० युनिट होते. रिजेक्शन खरंच कमी झालं असतं, तर हा आकडाही उतरायला हवा होता. तो चढलाय.

"मामा, हे कसं ओ?"

भट्टीवाले मामा हसले. "ब्लोहोलचा माल मोजायच्या आधीच परत भट्टीत जायलाय की, साहेब. रनर-रायझरच्या ढिगात कोण बघायलंय?" म्हणजे भोकं पडलेला नापास माल, साच्याच्या वाटांत उरलेल्या लोखंडात मिसळून.

दिवाळीला सुपरवायझरचा दरमहाचा बोनस आम्ही रिजेक्शनच्या टक्क्याला बांधला. तेव्हापासून तो टक्का जपतोय. त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

१०.३०
बजेटाची मीटिंग. सेल्सवाले विक्री कमी सांगतात, मेंटेनन्सवाले खर्च दीडपट मागतात. पुढच्या मार्चमध्ये याच आकड्यांवरून झाडाझडती होणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. एकाच आकड्यानं अंदाजही सांगायचा, उद्दिष्टही व्हायचं आणि खर्चाची परवानगीही द्यायची. मग त्यातला अंदाज सगळ्यात आधी खोटा पडतो.

बजेटाशिवायही चालतं. स्वीडनच्या हँडेल्सबँकेत यान वालँडर १९७० साली प्रमुख झाले आणि त्यांनी वार्षिक बजेटच मोडीत काढलं. शाखेनं ठरवलेला आकडा गाठला का, याऐवजी इतर शाखांच्या तुलनेत ती कुठे आहे, हे पाहायला सुरुवात झाली. एवढ्या लांब जायचं नसेल, तर बेळगावजवळच्या मच्छे इथलं पॉलीहायड्रॉन आहे. सुरेश हुंद्रे यांनी पाळतीपेक्षा विश्वासावर आणि उघड व्यवहारावर कारखाना चालवून दाखवला. आमच्याकडे त्यांचं नाव आदरानं घेतात आणि पुन्हा रिजेक्शनच्या तक्त्याकडे वळतात.

दुपारी १.१५
डबा. कास्टिंग साफ करणाऱ्या फेटलिंग खात्यातला एक पोरगा आमच्या निपाणीचाच. त्याची आई विड्या वळायची. ठेकेदार पानं-तंबाखू मोजून द्यायचा, संध्याकाळी विड्या मोजून घ्यायचा. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तिचे पैसे नाहीत, आणि छाटलेल्या विड्याही त्याच्याकडेच राहायच्या. "छाट किती काढायची ते तोच ठरवायचा," पोरगा म्हणाला. मोजणाऱ्यालाच फायदा असेल तर मोजमाप कसं होतं, हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळलेलं.

३.००
बँकेचा फोन. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी सीएमए डेटा, म्हणजे बँकेच्या नमुन्यातली आकडेवारी, हवीय, पुढच्या वर्षाच्या अंदाजासकट. म्हणजे बजेट फाडून टाका म्हणणाऱ्यांचं आमच्यासारख्या फाउंड्रीत पूर्ण चालणार नाही. बँकेला अंदाज द्यावाच लागेल. पण तोच कागद कामगाराच्या बोनसला जोडा, असं बँक सांगत नाही.

५.३०
मालकांच्या केबिनमध्ये तासभर घासाघीस. शेवटी एवढं ठरलं: अंदाज दर तिमाहीला नव्यानं, पुढच्या चार तिमाहींचा. भट्टीजवळच्या फळ्यावर चांगल्या टनामागची वीज रोज लिहायची, तिन्ही शिफ्टची, कुणाचं नाव न घालता. बोनस सगळ्या खात्यांना मिळून, वर्षाच्या नफ्यातून. मेंटेनन्सच्या दीडपट मागणीवर मात्र काहीच ठरलं नाही; त्यांचा जुना कॉम्प्रेसर खरोखरच थकलाय.

सुपरवायझरला बोलावून सांगितलं. त्यानं विचारलं, "मग जानेवारीचा बोनस?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, देऊन टाका. तसला आकडा आपणच मागितला होता.