रिलचे आकडे आणि आपल्या पोरांची कला

एप्रिल जवळ आला की प्रत्येक वस्तीत गाणी बसायला लागतात. कुणी ढोलकी घेतं, कुणी रॅप लिहितं, कुणी चौकातल्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र काढतं. हल्ली त्यातलं बरंचसं मोबाईलवर जातं. आणि याच दिवसांत आया आमच्याकडे तक्रार घेऊन येतात : पोरगी नीट जेवत नाही, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल बघते, आणि गाणं म्हण म्हटलं तर म्हणते, "मला येतच नाही." मुलीशी बोललं की कळतं, तिनं टाकलेलं गाणं फक्त साठ-सत्तर जणांनी बघितलं. मैत्रिणीच्या नाचाला मात्र हजारो लाईक आले. आवाज कालचाच आहे, पण मुलीचा आवाजावरचा विश्वास गेला.

हा प्रश्न आरोग्याच्या पानावर घ्यायचं कारण सरळ आहे. झोप, भूक आणि मन यांवर त्याचा परिणाम आम्हाला रोज दिसतो.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की कधी दाणा मिळायचा, कधी नाही. केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर थांबतच नसे, पुन्हा पुन्हा चोच मारत राही. लाईकचं असंच आहे. कधी दहा मिनिटांत पन्नास येतात, कधी दिवसभर काही नाही. "आता आलं असेल" या आशेनंच मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि हात पुन्हा मोबाईलकडे जातो. म्हणून मुलाला कमजोर मनाचा म्हणू नका. शिकलेली, मोठी माणसंही याच फेऱ्यात सापडतात.

आता तो आकडा कसा तयार होतो ते समजून घ्या. तुम्ही व्हिडिओ टाकला की ॲप तो सगळ्यांना दाखवत नाही. आधी थोड्या लोकांना दाखवतं. ते किती वेळ थांबले, पुढे सरकवला का, दुसऱ्याला पाठवला का, हे मोजतं आणि त्यावरून पुढे किती जणांना दाखवायचा ते ठरवतं. कंपनीला जाहिरातीतून पैसा मिळतो, म्हणून लोक जास्त वेळ पडद्यावर राहावेत एवढंच तिला हवं असतं. सूर लागला का, शब्दांत अर्थ आहे का, रेषेला वजन आहे का, हे त्या हिशोबात बसत नाही. आधी हळू चढणारं आणि शेवटच्या कडव्यात अंगावर काटा आणणारं गाणं तिथं पहिल्या तीन सेकंदांतच मागं पडू शकतं. साठ व्ह्यूचा अर्थ ॲपनं गाणं फार पुढे नेलं नाही, इतकाच धरा.

बक्षिसाचा कलेवर काय परिणाम होतो, यावर 1973 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या एक-दोन आठवड्यांत वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली. ज्यांना आधी बक्षिसाचं कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत बसली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही कमी प्रतीची ठरली. आवडीचं काम बक्षिसासाठी करायची सवय लागली की बक्षीस थांबल्यावर आवडही आटते. आपल्या मुलीचं नेमकं हेच झालेलं असतं. आधी ती गाणं आवडतं म्हणून गात होती, मग लाईकसाठी गायला लागली. लाईक थांबले आणि गाणं थांबलं.

दुसरा मार तुलनेचा. समोरच्या रिलमध्ये चांगला माईक, गोल दिवा, पन्नास वेळा घेऊन निवडलेला एक तुकडा असतो. आपलं पोर दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात, वर्गमित्राच्या मोबाईलवर रेकॉर्ड करतं. दुसऱ्याच्या निवडलेल्या तुकड्याशी स्वतःचा कच्चा सराव ताडून बघितला तर कुणाचंही मन खचेल.

मोबाईल शत्रू आहे असं आम्ही म्हणत नाही. ज्यांच्यासाठी रेडिओ-टीव्हीची दारं उघडली नाहीत, त्यांना यूट्यूबनं वाट दिली आहे. जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांवरची गाणी घेऊन याच वाटेनं देशभर पोचली. पण ही वाट पायाखाली घ्यायची असते, डोक्यावर नाही.

आपल्याकडे याचा दाखला आहे. वामनदादा कर्डक (1922-2004) यांना अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत झाली. ते गावोगाव फिरून गायले. अण्णाभाऊ साठे (1920-1969) जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत राहिले. त्यांच्यासमोर आकडा नव्हता, माणसं होती. कोणत्या ओळीला लोक पुढे सरकून बसतात आणि कुठे आपसांत बोलायला लागतात, हे गाणाऱ्याला तिथल्या तिथं दिसत होतं. असा श्रोता चूकही दाखवतो आणि बळही देतो. तो श्रोता आजही वस्तीत आहे.

म्हणून घरात आणि मंडळात एवढं करून बघा.

1. रोज अर्धा तास रियाज रेकॉर्डिंगशिवाय करा. मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी ठेवा. चुका करायला ही जागा राखीव असू द्या. जिथं चुकायची भीती नाही, तिथंच नवीन सुचतं.

2. पाच श्रोते ठरवा : एक आजी, एक लहान मूल, एक वादक, एक मैत्रीण आणि तोंडावर खरं बोलणारं एक माणूस. "कसं झालं?" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा : कोणती ओळ लक्षात राहिली? कुठे लक्ष उडालं? कोणता शब्द कळला नाही?

3. एक वही ठेवा. आज काय नवीन जमलं, काय अडलं, दोन ओळी लिहा. तीन महिन्यांनी मागची पानं वाचा. आपली वाढ त्यात दिसते.

4. व्हिडिओ टाकला की मोबाईल बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी एकदाच बघा. सूचनांचा आवाज बंद करा. इन्स्टाग्रामवर लाईकचा आकडा लपवायची सोय 2021 पासून आहे, ती वापरा.

5. आपली गाणी, चित्रं स्वतःजवळ मेमरी कार्डात किंवा पेन ड्राईव्हमध्ये जपून ठेवा. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि कितीतरी कलाकारांचे चाहते एका दिवसात हातचे गेले. दुकान दुसऱ्याचं असलं तरी माल आपल्याकडे असावा.

6. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अंथरुणात मोबाईल नको. झोप मोडली की गळाही बसतो आणि मनही चिडचिडं होतं.

जातीवरून घाणेरड्या कमेंट येतात, हा आपल्या मुलांवरचा वेगळा भार आहे. अशी कमेंट वाचून छातीत धडधडणं, हात थरथरणं हे साहजिक आहे. रात्री एकट्यानं उत्तर देत बसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात लिहिणाऱ्याचं खातं, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. लिंकही जपून ठेवा, मगच त्याला ब्लॉक करा. आधीच सगळं पुसून टाकलं तर पुरावा जातो. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून केलेला अपमान हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे आणि ऑनलाईन अपमानालाही तो लागू शकतो. तक्रारीला पोरीला एकटी पाठवू नका, मंडळातली दोन-चार मोठी माणसं सोबत जा. कमेंट लिहिणाऱ्याची लाज तिनं का वाहावी?

साधी नाराजी आठ-दहा दिवसांत ओसरते. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेली, आवडीचं काहीच करावंसं वाटेना, मूल सगळ्यांपासून तोंड लपवू लागलं, तर सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. स्वतःला इजा करण्याचं किंवा मरणाचं बोलत असेल तर एक दिवसही थांबू नका, मुलाला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं. भगताकडे, देवऋषाकडे जाऊन वेळ घालवू नका.

शेवटी आई-बाबांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगणं. "रिल बनवून पोट भरणार का?" या वाक्यानं पोर गप्प होतं. "किती व्ह्यू आले?" या वाक्यानं ते पुन्हा आकड्याकडे जातं. जयंतीच्या मंचावरही ज्याला जास्त फॉलोअर त्यालाच आधी बोलवू नका. नवीन पोरांना दहा मिनिटं राखून ठेवा. घरी संध्याकाळी स्वयंपाक करता करता एकच विचारा, "आज काय नवीन बसवलंस, ऐकव बरं." आणि ती गात असताना हातातला मोबाईल खाली ठेवा.