थव्यात माणूस

दोन झाकलेले डबे घ्या. एकात अक्रोडाचा तुकडा टाका, दुसरा रिकामा ठेवा. आता पोपटासमोर फक्त रिकामा डबा हलवा. अर्थातच आवाज येणार नाही. पोपट काय करेल? तो आफ्रिकन ग्रे असेल, तर बहुधा दुसऱ्या डब्याकडे जाईल, ज्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. हलवलेला डबा वाजला नाही, म्हणजे यात काही नाही. यात नाही, म्हणजे खाऊ त्यात. एवढी वाट त्या छोट्याशा डोक्यात चालून होते. माणसाच्या मुलांना हे साधारण तिसऱ्या वर्षी जमू लागतं.

हा पक्षी अंगाने राखाडी, शेपटीने लालभडक. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर, लांबी जेमतेम फूटभर. त्याचं मूळ घर घानापासून काँगोपर्यंत आणि पुढे पूर्वेकडे केनियाच्या काठापर्यंत पसरलेली विषुववृत्तीय जंगलं. आज मात्र तो भारतातल्या शहरांत, फ्लॅटच्या हॉलमध्येही राहतो. रायपूरच्या शंकर नगरातलं असंच एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणू. घरात मराठी, दारावरच्या भाजीवाल्याशी हिंदी, कामाला येणाऱ्या मावशींशी छत्तीसगढी. या घरात ग्रे आला, तर वर्षा-दोन वर्षांत तो कुकरची शिट्टी वाजवेल, दारावरची बेल वाजवेल, आजीच्या आवाजात नातवाला हाक मारेल. तेही नेमकं नातू बूट घालायला बसला की.

हे तो का करतो? बोलण्याने त्याला असं काय मिळतं?

छत्तीसगढच्या माणसाला या प्रश्नाचा एक धागा घराजवळच सापडतो. या राज्याचा राज्यपक्षी बस्तरची पहाडी मैना, आणि तीही बोलणारी. पिंजऱ्यातली पहाडी मैना माणसाचा आवाज इतका हुबेहूब काढते, की ऐकणारा मागे वळून पाहतो. पण तिच्याच जातीच्या रानातल्या मैनांचा आसामात अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की तिथे ती इतर जातींच्या पक्ष्यांची नक्कल करत नाही. ती आपल्याच आसपासच्या मैनांकडून हाका शिकते, मादी माद्यांकडून आणि नर नरांकडून. म्हणजे आवाज शिकणं ही शेजारात सामील होण्याची रीत आहे. पिंजऱ्यात शेजारी मैना नसते, माणूस असतो. म्हणून मग ती माणसाचं शिकते.

ग्रे तर याच्याही पुढे गेलेला. दिवसभर लहान टोळ्यांत फिरून रात्री शेकड्यांनी, कधी हजारांनी एकत्र बसणारा हा पक्षी. दाट जंगलात जोडीदार डोळ्यांना दिसत नाही, ऐकू मात्र येतो. काँगोच्या जंगलात ध्वनिमुद्रित केलेल्या जंगली ग्रेंच्या आवाजात इतर पक्ष्यांच्या, अगदी एका वटवाघळाच्याही नकला आढळल्या. त्याच्या गळ्यात आपल्यासारख्या स्वरतंतू असलेली स्वरपेटी नसते. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे खोल छातीत त्याचं स्वरयंत्र बसलेलं असतं. आणि आवाज शिकणाऱ्या इतर पक्ष्यांच्या मेंदूत यासाठी जी केंद्रं असतात, त्यांच्याभोवती पोपटांच्या मेंदूत आणखी एक कवच असतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते तपासलेल्या सगळ्या पोपटांत सापडलं. नकलेची ही हातोटी त्याच कवचामुळे असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

पण आवाज काढणं वेगळं आणि त्याचा अर्थ धरणं वेगळं. इथे ॲलेक्सचं नाव घ्यावंच लागतं. 1977 मध्ये आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागोतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून साधारण वर्षाचा एक ग्रे आणला आणि पुढची तीस वर्षं त्याच्यासोबत काम केलं. शिकवायची पद्धत मोठी सुंदर होती. पोपटासमोर दोन माणसं बसत. एक वस्तू दाखवून विचारी, दुसरा उत्तर देई. बरोबर उत्तर आलं की बक्षीस म्हणून तीच वस्तू हातात मिळे. ॲलेक्स हे पाहत बसे आणि मग मध्ये तोंड घाली. शिकवणी त्याची नव्हतीच. चाललेल्या बोलण्यात त्याला जागा हवी होती. असं करत तो शंभरावर शब्द नीट वापरू लागला. रंग, आकार, सहापर्यंतचे आकडे. दोन वस्तू पुढे ठेवून ‘यांच्यात काय वेगळं?’ असं विचारलं, तर तो ‘रंग’ किंवा ‘आकार’ म्हणे. आणि काहीच वेगळं नसेल तर ‘काही नाही’. 2007 मध्ये, एकतिसाव्या वर्षी तो गेला.

यातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं हे, की ॲलेक्स माणसांमध्ये बसून शिकला. ग्रेच्या बुद्धीला नेहमी कुणीतरी सोबत लागतं. स्पेनच्या तेनेरिफ बेटावरचा, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. दोन ग्रे शेजारशेजारच्या कप्प्यांत. धातूची कडी माणसाच्या हातात दिली की अक्रोड मिळतो, हे दोघांनाही शिकवलेलं. आता एकाकडे कड्या आहेत, पण माणसाकडची त्याची खिडकी बंद. दुसऱ्याची खिडकी उघडी, पण हात रिकामे. पहिल्याने काय करावं? आठपैकी सात ग्रेंनी पहिल्याच फेरीत आपली कडी उचलून मधल्या फटीतून शेजाऱ्याला दिली. स्वतःला काही मिळणार नव्हतं. दक्षिण अमेरिकेतल्या निळ्या डोक्याच्या मकावांनी याच परीक्षेत तसं काही केलं नाही. शेजाऱ्याची अडचण ओळखून हात पुढे करणारा हा पक्षी आहे.

आता शंकर नगरातल्या त्या घरात परत येऊ. असा पक्षी पिंजऱ्यात एकटा बसला, तर त्याच्यासाठी थवा कोण? घरातली माणसं. ही एक गोष्ट नीट उमजली, की त्याचं संगोपन बऱ्याच अंशी आपोआप उलगडत जातं.

सकाळी घर जागं होतं, तेव्हा तो हाक मारतो. जंगलात ही हाक ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ अशी असते. तिला उत्तर द्यावं. दुसऱ्या खोलीतून नुसती शीळ घातली तरी पुरतं. उत्तर आलं नाही तर हाक वाढत जाते, आणि लोक तिला किंचाळणं म्हणतात. दिवसातून तीन-चार तास तरी तो पिंजऱ्याबाहेर, माणसांत असावा. पिंजरा इतका मोठा हवा, की पंख पूर्ण पसरून फडफडवता येतील. आतल्या काठ्या वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात; पेरूच्या, बाभळीच्या खडबडीत फांद्या उत्तम. जंगलात त्याचा अर्धा दिवस अन्न शोधण्यात आणि फोडण्यात जातो. घरी वाटी आयती समोर आली, तर उरलेल्या वेळाचं तो काय करणार? म्हणून खाऊ कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून, नारळाच्या करवंटीत ठेवून द्यावा. फाडायला, कुरतडायला रोज काहीतरी हवं. हे न मिळालेला ग्रे स्वतःची पिसं उपटू लागतो. छाती उघडी पडते, आणि जडलेली ही सवय सुटणं फार कठीण. पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. पण एकटेपणा आणि रिकामपण ही कारणं विसरू नयेत.

तो खातो कसा, हे एकदा जवळून पाहाच. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात भुईमुगाची शेंग धरतो, जाडजूड काळ्या जिभेने ती फिरवतो, चोचीच्या टोकाने नेमकी शिवण शोधतो, आणि टरफल दोन फाकांत खाली पडतं. हे चाललेलं असताना फिकट पिवळ्या डोळ्यातली काळी बाहुली एकदम टाचणीच्या टोकाएवढी होते, परत पसरते. मनात खळबळ असल्याची ती खूण; आनंदाची असेल किंवा चावण्याच्या तयारीचीही. पिल्लाचे डोळे मात्र गडद असतात, काही वर्षांनी ते असे उजळतात.

खाण्यात लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे सूर्यफुलाच्या बियांची. तो त्या आवडीने खातो, पण त्यांत चरबी फार, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमी. आणि इतर पोपटांपेक्षा ग्रेला कॅल्शियमची कमतरता अधिक भोवते. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की तो थरथरतो, काठीवरून खाली पडतो, झटके येतात. पोपटांसाठी मिळणारे तयार दाणे हा आहाराचा पाया असावा, त्यावर रंगीत भाज्या: गाजर, लाल भोपळा, रताळं. रायपुरात घरोघरी खाल्ला जाणारा मुनगा, म्हणजे आपला शेवगा, याचा पाला तर त्याच्यासाठी वरदान. चोच घासायला समुद्रफेस टांगावा. पण कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, त्यासाठी ऊन हवं, आणि खिडकीच्या काचेतून त्या कामाचे किरण आत येत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन बाल्कनीत, शेजारी सावलीची जागा ठेवून, रोज थोडा वेळ द्यावं. मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते; तेव्हा दमट जंगलातल्या या पक्ष्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, म्हणजे तो पंख उघडून अंग भिजवून घेईल. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी, खारवलेले पदार्थ त्याला कधीही देऊ नयेत.

श्वासाची गोष्ट तर थक्क करणारी. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहत राहते, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू त्यांच्या रक्तात उतरतो. उडण्यासाठी मिळालेली ही देणगी घरात मात्र त्याला धोक्यात टाकते, कारण विषारी वायूही तितक्याच वेगाने आत जातो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. देवघरातली उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, झणझणीत फोडणीचा ठसका हे सगळं त्याच्यापासून दूर हवं. उलट बाजूने, तो स्वतःही हवेत काही सोडतो. त्याच्या अंगावरची काही खास पिसं झिजून पिठासारखी पूड होते, तिनेच तो आपली पिसं नीट राखतो. काळ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत तिचा पांढुरका थर दिसतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पक्षी आणण्याआधीच याचा विचार करावा.

रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. विषुववृत्तावर वर्षभर रात्र बारा तासांचीच असते. टीव्हीसमोर मध्यरात्रीपर्यंत जागणारा ग्रे चिडका होतो.

आणि तो आजार लपवतो. जंगलात आजारी दिसणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. तेव्हा आठवड्यातून एकदा त्याला वजनकाट्यावर उभं करावं आणि आकडा वहीत मांडावा. वजन दहावा हिस्सा घटलं, तर तो कितीही टवटवीत दिसला तरी डॉक्टरांकडे न्यावं. पक्ष्यांचे डॉक्टर सगळीकडे नसतात. आपल्या शहरात कोण आहे, हे पक्षी आणण्याआधी शोधून ठेवावं. रायपूरकरांना दुर्गजवळच्या अंजोऱ्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

या सगळ्याच्या मागे एक दुःखद हिशेब आहे. 1975 पासून जंगलात पकडलेले 13 लाखांहून जास्त ग्रे कागदोपत्री निर्यात झाले. वाटेत मेलेले आणि चोरून नेलेले वेगळे. घानात 1992 नंतर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. ज्या पक्ष्याला थव्याशिवाय चैन पडत नाही, त्याचेच थवे माणसाने त्याच्या बोलण्यापायी रिकामे केले. अखेर जंगली ग्रेंच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय बंदीचा निर्णय 2016 मध्ये झाला आणि ती पुढच्या जानेवारीपासून लागू झाली. भारतातही आता अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे. 2024 च्या नियमांनुसार ती परिवेश पोर्टलवर करायची, आणि जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचं. पायात कडी आणि हातात कागद नसलेला पक्षी घेऊ नये. डोळे नीट न उघडलेली ‘हँडफीडिंगची पिल्लं’ही घेऊ नयेत; सिरिंजने भरवताना अन्न श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू दगावतं, आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेल्या पक्ष्याला पक्ष्यासारखं वागणं धड शिकता येत नाही. आपला हिरवा पोपट तर 1972 च्या कायद्याने संरक्षित आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हाच.

नीट सांभाळलेला ग्रे चाळीस ते साठ वर्षं जगतो. आज पंचेचाळिशीतल्या माणसाने पिल्लू आणलं, तर ते बहुधा त्याच्या मागे उरेल. मधल्या काळात मुलं पुण्याला किंवा परदेशी जातील, घर बदलेल, हाक मारणारा एखादा आवाज घरातून कायमचा जाईल. पक्षी मात्र त्या आवाजात बोलत राहील. म्हणून ज्याला हा पक्षी आणायचा आहे, त्याने आपल्यानंतर याचा थवा कोण, हे आधी ठरवावं. त्या माणसाला वारंवार घरी बोलवावं, पक्ष्याला त्याच्या हातून भरवावं, आणि वजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा. असं नाव सापडत नसेल, तर पक्षी आणू नये.