बटणांच्या वाटेने आत

२३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये टी-मोबाइलने ‘जी-वन’ नावाचा फोन जाहीर केला. तैवानच्या एचटीसीने बनवलेला, गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा बाजारातला हा पहिला फोन. किंमत १७९ डॉलर, तीही दोन वर्षांचा करार करणाऱ्यांसाठी. समारंभाला गूगलचे दोन्ही संस्थापक आले होते. त्यांतल्या सर्गेई ब्रिन यांनी स्वतः लिहिलेल्या एका अ‍ॅपबद्दल सांगितलं : फोन हवेत उडवायचा आणि तो पुन्हा हातात येईपर्यंत किती वेळ गेला, हे फोननेच मोजायचं.

एवढी करामत करणाऱ्या या फोनला पडद्यावरचा कीबोर्ड मात्र नव्हता. साधा एसएमएस लिहायचा तरी पडदा सरकवून खालची बटणं उघडावी लागत.

हा आराखडा आकाशातून पडला नव्हता. अँड्रॉइडचे जनक अँडी रुबिन यांच्या आधीच्या ‘डेंजर’ या कंपनीने २००२मध्ये ‘हिपटॉप’ आणला होता. त्याचा पडदा गर्रकन फिरला की खाली कीबोर्ड. २००५मध्ये गूगलने अँड्रॉइड कंपनी विकत घेतली, तेव्हा डोळ्यांसमोर ब्लॅकबेरीसारखा फोन होता. जानेवारी २००७मध्ये आयफोन दिसला आणि तो बेत मागे पडला. स्पर्शाने चालणारा पडदा आणि खरी बटणं, दोन्ही असलेला ‘ड्रीम’ पुढे आला. तोच हा जी-वन.

वापरणाऱ्याच्या हातात तो कसा होता? १५८ ग्रॅम वजन, १७ मिलिमीटर जाडी. पडदा सरळ न सरकता किंचित कमानीत वळून वर जाई आणि खटकन बसे. खाली बटणांच्या पाच ओळी, त्यांत आकड्यांची ओळ वेगळी, अंधारात उजळणारी. उजव्या बाजूला फोनची ‘हनुवटी’ : फोन घेण्या-ठेवण्याची बटणं आणि मधोमध ट्रॅकबॉल असलेला उंचवटा. दोन्ही अंगठ्यांनी लिहिताना उजव्या अंगठ्याला हा उंचवटा ओलांडून बटणांपर्यंत पोचावं लागे. ही तक्रार अनेकांनी केली, पण सवय झाली की न बघता, भराभर लिहिता येई.

बाकी अडचणी रोजच्याच. ११५० एमएएचची बॅटरी दिवस काढेल याचा भरवसा नसे, म्हणून जादा बॅटरी खिशात ठेवायची. हेडफोनचं गोल भोक नव्हतं. चार्जिंगच्या खाचेतच अ‍ॅडॉप्टर लावायचा. अ‍ॅप ठेवायला जेमतेम ७० एमबीच्या आसपास जागा, आणि मेमरी कार्डावर अ‍ॅप टाकायची सोय नाही. नवं काही घ्यायचं तर जुनं काढायचं, हा नित्याचा हिशेब.

नोव्हेंबर २००८मध्ये याच बटणांनी एक विलक्षण प्रकार उघडकीला आणला. एकाला मैत्रिणीने, उत्तर का दिलं नाहीस, असं विचारलं. त्याचा फोन नुकताच बंद होऊन सुरू झाला होता. त्याने उत्तरादाखल एकच शब्द लिहिला, ‘रीबूट’, आणि फोन खरोखरच पुन्हा बंद होऊन सुरू झाला. कारण थरकाप उडवणारं होतं. फोन सुरू होताना पडद्यामागे एक आज्ञा-खिडकी उघडी राहत होती, तीही ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर मूळ अ‍ॅपबरोबर तिथेही पोचत होतं. शब्द आज्ञेसारखा असला की तो पाळला जाई.

गूगलने तातडीने ‘आरसी३०’ ही दुरुस्ती पाठवली. पण फोनची कुलपं उघडू पाहणाऱ्यांना या फटीचं मोल कळलं होतं. मेमरी कार्डावर जुनी फाइल ठेवून फोन ‘आरसी२९’वर मागे न्यायचा, एंटर दाबून ‘टेलनेटडी’ एवढं लिहायचं, पुन्हा एंटर. की संगणकावरून फोनच्या गाभ्यात शिरता येई. ज्या फोनला खरी बटणं होती, त्याचं दार त्या बटणांनीच उघडलं.

दार उघडल्यावर आत शिरलेल्यांनी मोडतोड न करता डागडुजी आरंभली. अँड्रॉइडचा मूळ कोड ऑक्टोबर २००८मध्येच खुला झाला होता. त्यावर स्टीव्ह कोंडिक यांनी २००९मध्ये ‘सायनोजेनमॉड’ हे रॉम, म्हणजे फोनवर टाकायची अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती, उभं केलं आणि अ‍ॅप मेमरी कार्डावर हलवण्याची सोय लोकांना मिळाली. सप्टेंबर २००९मध्ये गूगलने त्यांना नोटीस दिली : जीमेल, मॅप्स, मार्केट ही आमची बंद अ‍ॅप वाटू नका. तोडगा असा निघाला की, प्रत्येकाने ती आपल्याच फोनमधून काढून ठेवायची आणि नवं रॉम टाकल्यावर परत बसवायची. जी-वनला अधिकृतपणे अँड्रॉइड १.६च्या पुढे काही मिळालं नाही. सायनोजेनमॉडने त्याला २.२पर्यंत नेलं.

भारतात जी-वन दुकानांत आला नाही, पण पूर्ण बंदही नव्हता. डिसेंबर २००८मध्ये गूगलने याच फोनची कुलूप नसलेली आवृत्ती नोंदणीकृत डेव्हलपरांना ३९९ डॉलरला देऊ केली. ती ज्या १८ देशांत मागवता येई, त्यांच्या यादीत भारताचं नाव होतं. मात्र मराठी वाचकाची गाठ पहिल्याच दिवशी चौकोनांशी पडे. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरी फाँट नव्हता. रूट केलेल्या फोनमध्ये तो बाहेरून टाकता येई, पण अक्षरजुळणीची यंत्रणाच नसल्याने ‘स्थिती’तला स पाय मोडून एकटा पडे आणि पहिली वेलांटी थ नंतर उमटे. ऑपेरा मिनीत एक सेटिंग बदललं की मजकूर चित्रासारखा येऊन जोडाक्षरं नीट दिसत. वाचण्यापुरती सोय झाली, लिहिण्याची नाही.

इथेच सरकत्या कीबोर्डची मर्यादा उघडी पडते. कारखान्यात छापलेलं बटण बदलत नाही. प्रत्येक लिपीसाठी वेगळा साचा परवडणारा नव्हता. एप्रिल २००९च्या अँड्रॉइड १.५ने पडद्यावरचा कीबोर्ड आणला आणि जी-वनलाही तो मिळाला. पुढे अक्षरजुळणीही सुधारली आणि त्याच पडद्यावर मराठीची बाराखडी मांडता आली. मोटोरोलाचा ड्रॉइड, एचटीसीचा डिझायर झेड असे सरकते फोन आणखी काही वर्षं निघाले, पण पातळ फोनांच्या शर्यतीत ते मागे पडले.

डिसेंबर २०१६मध्ये सायनोजेनमॉड बंद झालं आणि त्याच कोडमधून ‘लिनिएजओएस’ सुरू झालं. २०१९मध्ये ‘एफएक्सटेक’ या ब्रिटिश कंपनीने सरकत्या कीबोर्डचा ‘प्रो१’ आणला. पुढच्या वर्षी तिने ‘प्रो१-एक्स’ जाहीर केला, तो लिनिएजओएसचं नाव पुढे करूनच.